साल्मोनेला पूना : एका नावाचा, कासवाचा आणि जनुकीय दस्तऐवजाचा इतिहास

प्रस्तावना

रत्नागिरी तालुक्यातील पूर्णगड येथे मुचकुंदी नदी समुद्रास मिळते. मुखाशी छोटेखानी किल्ला आहे आणि खाडीपलीकडे गावखडीचा वाळूचा किनारा आहे. हिवाळ्यात या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालण्यास येतात. कोकणी माणसाला कासव परके नाही. शिवालयात शिरताना गाभाऱ्यासमोरील दगडी कासवाला हात लावून मगच तो पुढे जातो. अलीकडे मात्र एक वेगळे कासव या परिसरात येऊ लागले आहे. ते रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, हिरव्या पाठीचे व कानामागे तांबडा पट्टा असलेले असते. शहरातील मत्स्यपेट्यांच्या दुकानांतून ते विकत घेतले जाते आणि मुलांच्या हट्टाखातर चाकरमान्यांबरोबर गावी येते.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या नात्यातील एक कुटुंब गणपतीसाठी पूर्णगडला आले, तेव्हा प्लास्टिकच्या डब्यातून असे एक कासव आले होते. त्याचे पाणी मोरीत ओतले जाई आणि डबा तेथेच विसळला जाई. चौथ्या दिवशी घरातील दोन वर्षांच्या मुलीला ताप व जुलाब सुरू झाले. औषधोपचार लगेच झाले आणि आठवड्याभरात मुलगी बरी झाली. पण दोष कोणाचा, हा प्रश्न उरला. शेजारच्या सामायिक विहिरीवर संशय गेला. विहिरीत टीसीएल पावडर पडली, दोन घरांत बोलाचाली झाली आणि त्या मोसमात त्या विहिरीवर पाणी भरणे काहींनी सोडले. कासवाविषयी कोणी विचारले नाही आणि शौचाचा नमुनाही कोठे गेला नाही. कासव दोषी होते असे येथे म्हणावयाचे नाही. विहीर दोषी होती असेही कोणास म्हणता येणार नाही. पुरावा गोळाच झाला नव्हता, एवढेच खरे.

इतिहासाच्या अभ्यासकाला ही परिस्थिती ओळखीची वाटते. दस्तऐवज नसला की आरोप उरतो. सरपटणाऱ्या पाळीव प्राण्यांतून माणसाला होणाऱ्या साल्मोनेला-संसर्गाचा शोध कसा लागत गेला आणि जिनोम-क्रमवाचनाने त्या शोधात कोणता बदल घडवला, याचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. त्यासाठी आपल्याच प्रदेशाचे नाव धारण करणारा एक जिवाणू केंद्रस्थानी ठेवला आहे. त्याचे नाव साल्मोनेला पूना.

नावाची परंपरा

साल्मोनेला हे कुलनाम डॅनियल एल्मर साल्मन या अमेरिकन पशुवैद्यकाच्या नावावरून आले. १८८५ साली त्यांच्या हाताखालील थिओबाल्ड स्मिथ यांनी आजारी डुकरांपासून एक जिवाणू वेगळा केला. श्रेय प्रमुखाकडे गेले आणि १९०० साली लिनियेर या फ्रेंच संशोधकाने या गटास साल्मनचे नाव दिले. ज्या रोगाचे कारण म्हणून हा जिवाणू पुढे आला, तो डुकरांचा रोग वस्तुतः विषाणूमुळे होतो, हे विसाव्या शतकाच्या प्रारंभी सिद्ध झाले. म्हणजे या कुलाच्या नावातच एक चुकलेले श्रेय आणि एक चुकलेले निदान आहे. तत्पूर्वी १८८० साली एबर्थ यांनी विषमज्वराचा जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता व १८८४ साली गाफ्की यांनी तो प्रयोगशाळेत वाढवला होता. विषमज्वराचा हा जिवाणूदेखील याच कुलातील होय.

पुढील पन्नास वर्षांत या कुलातील जिवाणूंची संख्या झपाट्याने वाढली. ते दिसण्यात सारखेच असल्याने त्यांच्यात भेद करण्यासाठी रक्तद्रवाची कसोटी वापरली गेली. जिवाणूच्या पृष्ठभागावरील व त्याच्या शेपटीसारख्या तंतूंवरील प्रतिजन कोणत्या रक्तद्रवाशी गोठतात, यावरून त्याचा प्रकार ठरे. कोपनहेगनचे फ्रिट्झ कौफमन व इंग्लंडचे ब्रूस व्हाइट यांच्या नावाने ओळखली जाणारी ही वर्गीकरण पद्धती १९३४ साली आंतरराष्ट्रीय स्तरावर प्रसिद्ध झाली. तेव्हा यादीत सुमारे चव्वेचाळीस प्रकार होते. आज ती संख्या अडीच हजारांहून अधिक आहे.

आरंभी नावे रोगावरून वा प्राण्यावरून दिली जात. पुढे जेथे प्रकार प्रथम सापडला त्या गावाचे नाव देण्याचा प्रघात पडला. डब्लिन, लंडन, पनामा अशी नावे त्यातून आली. १९३५ च्या सुमारास याच प्रघातानुसार पुण्याचे नाव एका प्रकाराला मिळाले. त्या काळी पुणे हे दक्षिणेतील प्रमुख लष्करी ठाणे होते आणि आतड्याचे ताप ही ब्रिटिश लष्करी वैद्यकाची नेहमीची चिंता होती. नवे प्रकार शोधून त्यांची नोंद करण्याचे काम त्या चिंतेतूनच चालले होते. पुण्याचा इंग्रजी उच्चार त्या नावात कायमचा राहिला. शहराचे अधिकृत नाव बदलले, पण जिवाणूच्या नोंदीतील नाव बदलले नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. असे नाव म्हणजे दोषारोप नव्हे. हा जिवाणू पुण्यात निर्माण झाला किंवा पुण्यातून जगभर पसरला, असा त्याचा अर्थ होत नाही. प्रथम ज्या ठिकाणी तो ओळखला गेला त्याचा तो शिक्का आहे. तपासणी करणारी प्रयोगशाळा जेथे असते तेथे नाव पडते. जेथे प्रयोगशाळा नसते तेथील जिवाणू बेनाव राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली नव्या मानवी रोगांना गावांची व देशांची नावे देऊ नयेत अशी सूचना केली, तीमागे असल्याच गैरसमजांचा अनुभव होता.

कासवाची साक्ष

साप, सरडे, पाली व कासवे यांच्या आतड्यात साल्मोनेला राहतो, पण त्यांना सहसा आजारी करत नाही. प्राणी निरोगी दिसतो, खातो, पोहतो. विष्ठेवाटे जिवाणू बाहेर पडतात, पण ते सतत नव्हे. म्हणून एका तपासणीत जिवाणू न सापडणे हा निर्दोषत्वाचा पुरावा ठरत नाही. कासवाच्या पेटीतील कोमट पाण्यात त्यांची वाढ होते आणि ते पाणी जेथे ओतले जाते तेथे ते पोचतात. लहान मुलाने कासव हातात घेतलेच पाहिजे असे नाही. ज्या मोरीत डबा धुतला त्याच मोरीत दुधाची बाटली धुणे पुरेसे असते. ताप, जुलाब व पोटदुखी ही नेहमीची लक्षणे आहेत. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध व प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या व्यक्ती यांच्यात संसर्ग रक्तात शिरून गंभीर होऊ शकतो.

ही गोष्ट लोकांच्या लक्षात आणून देण्याचे काम मुख्यतः अमेरिकेत झाले. १९६० च्या दशकात तेथे पाळीव कासवांची पिले खेळण्यांसारखी विकली जात. १९६३ सालापासून कासवाशी संबंधित रुग्णांच्या नोंदी होऊ लागल्या. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी दरवर्षी सुमारे दोन लाख ऐंशी हजार व्यक्तींना कासवांमुळे हा संसर्ग होतो, असा अंदाज मांडला गेला. शासनाने प्रथम मध्यममार्ग स्वीकारला आणि जिवाणूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र असलेलीच कासवे विकावीत असा नियम केला. तो निष्फळ ठरला. आज जिवाणूमुक्त ठरलेले कासव उद्या जिवाणू सोडू लागे. प्रतिजैविके दिल्याने जिवाणू नाहीसे न होता औषधाला दाद न देणारे बनत. अखेर १९७५ साली चार इंचांहून लहान पाठीच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आली. मोठे कासव मूल सहज तोंडाशी नेत नाही, हा त्यामागील साधा विचार होता. या बंदीमुळे दरवर्षी सुमारे एक लाख मुलांचा संसर्ग टळला, असा अंदाज पुढे केला गेला.

या बंदीत निर्यातीला मात्र सवलत होती. स्वदेशातील मुलाच्या हाती जे द्यावयाचे नाही ते परदेशी पाठवण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. लुइझियाना राज्यातील कासवपालन त्या बळावर टिकले. तांबड्या कानपट्ट्याचे हे कासव मूळचे अमेरिकेचे असून आज अनेक देशांच्या तळ्यांत उपरे म्हणून वाढत आहे. आपल्या शहरांतील दुकानांत ते कसे आले, याची पार्श्वभूमी जागतिक व्यापाराच्या या इतिहासात आहे.

बंदीनंतरही चोरटी विक्री थांबली नाही. २०११ ते २०१३ या काळात अमेरिकेत लहान कासवांशी संबंधित आठ उद्रेक झाले. त्यांत ४७३ व्यक्ती आजारी झाल्याचे नोंदले गेले आणि त्यातील सुमारे सत्तर टक्के दहा वर्षांच्या आतील मुले होती. या उद्रेकांतील जिवाणूंच्या यादीत सॅन दिएगो व पोमोना यांच्यासमवेत तिसरे नाव होते पूना.

एक नाव, अनेक उगम

येथे आपल्या विषयाचा गाभा सुरू होतो. साल्मोनेला पूना केवळ कासवांतच सापडत नाही. १९९१ साली अमेरिका व कॅनडात या प्रकाराचा मोठा उद्रेक झाला आणि चारशेहून अधिक रुग्णांची प्रयोगशाळेत खात्री झाली. तेथे कारण खरबुजे होती. २००० ते २००२ या सलग तीन वर्षांत पुन्हा खरबुजांतूनच उद्रेक झाले व मेक्सिकोतील खरबुजांच्या आयातीवर निर्बंध आले. २०१५ साली मेक्सिकोतून आलेल्या काकड्यांमुळे ९०७ व्यक्ती आजारी पडल्या व सहा जण दगावले. तेव्हाही प्रकाराचे नाव पूना हेच होते.

म्हणजे एखाद्या बालकाच्या नमुन्यात साल्मोनेला पूना आढळला, तर कारण कासव आहे की काकडी, हे नावावरून ठरत नाही. आडनाव सारखे असले म्हणून दोन घराणी एक होत नाहीत. रक्तद्रवाच्या कसोटीने आडनाव कळते, वंशावळ कळत नाही.

वंशावळीचा पहिला व्यवहार्य प्रयत्न १९९६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या पल्सनेट या प्रयोगशाळा-जाळ्याने केला. जिवाणूचा डीएनए ठरावीक ठिकाणी कापून विद्युत्क्षेत्रात सरकवला की पट्ट्यांचा एक नमुना मिळतो. दोन जिवाणूंचे पट्टे जुळले तर ते जवळचे मानावेत, अशी ही रीत होती. तिच्यामुळे शेकडो मैलांवरील रुग्ण एका स्रोताशी जोडता आले. तरी ती ग्रंथाच्या पृष्ठांची संख्या मोजून दोन प्रती सारख्या ठरवण्यासारखी होती. आतील मजकूर वाचला जात नव्हता.

मजकूर वाचण्याची सोय २००१ साली झाली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये विषमज्वराच्या सीटी१८ या वाणाचा व टायफिम्युरियमच्या एलटी२ या वाणाचा संपूर्ण जिनोम प्रसिद्ध झाला. प्रत्येकात सुमारे अठ्ठेचाळीस लाख अक्षरे होती. विषमज्वराच्या जिवाणूत दोनशेहून अधिक जनुके मोडकी, निकामी झालेली आढळली. केवळ माणसाच्या शरीरात राहण्याची सवय लागल्यावर ज्या क्षमतांची गरज उरली नाही, त्यांचे हे अवशेष मानले जातात. कासवापासून काकडीपर्यंत कोठेही तग धरणाऱ्या त्याच्या भाईबंदांचा स्वभाव याहून वेगळा आहे. आरंभी एक जिनोम वाचणे हे मोठ्या चमूचे प्रदीर्घ काम होते. पुढील दशकात यंत्रे स्वस्त व वेगवान झाली. इंग्लंडमध्ये २०१० च्या दशकाच्या मध्यापासून रुग्णांपासून मिळालेल्या साल्मोनेलांचे क्रमवाचन नित्याचे झाले आणि २०१९ साली पल्सनेटनेही पट्ट्यांची पद्धत सोडून क्रमवाचन स्वीकारले.

पाठचिकित्सा आणि जनुकचिकित्सा

ही पद्धत मानव्यविद्येच्या प्राध्यापकांना समजण्यास अवघड नाही. ज्या दशकात जिवाणूला पुण्याचे नाव मिळाले, त्याच दशकात त्याच शहरात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालू होते. वि. स. सुकथनकर यांनी संपादित केलेले आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले. १९१९ साली आरंभलेला हा प्रकल्प १९६६ साली सिद्धीस गेला. देशाच्या विविध भागांतील शेकडो हस्तलिखिते मिळवून, त्यांची ओळीओळीने तुलना करून, कोणती प्रत कोणत्या कुळातील हे ठरवणे, हे त्या कार्याचे स्वरूप होते.

नकलकाराच्या हातून चूक होते. ती चूक त्या प्रतीवरून केलेल्या पुढील प्रतींत उतरते. दोन प्रतींत तीच वेगळी चूक आढळली तर त्यांचा पूर्वज एक, असे अनुमान निघते. जिवाणू दुभागताना आपल्या जिनोमची नक्कल करतो. अठ्ठेचाळीस लाख अक्षरांत क्वचित एखादे बदलते आणि तो बदल वंशजांत उतरतो. दोन रुग्णांच्या जिवाणूंत केवळ दोन-चार अक्षरांचा फरक असेल तर त्यांचा स्रोत नजीकच्या काळातील एकच असण्याची शक्यता बळावते. फरक शेकडो अक्षरांचा असेल, तर नाव एक असूनही घराणी वेगळी ठरतात. इंग्लंडमध्ये पाच अक्षरांपर्यंतचा फरक हा एका गुच्छाचा निकष म्हणून वापरला गेला.

साम्य याहूनही पुढे जाते. महाभारताच्या प्रतींत नकलकारांनी अनेक प्रतींतील मजकूर एकत्र केल्यामुळे कुळांची सरमिसळ झाली होती आणि शुद्ध वंशवृक्ष काढणे दुष्कर होते. जिवाणूही परस्परांकडून जनुके उसनी घेतात. औषधाला दाद न देण्याचा गुण कित्येकदा असा उसना आलेला असतो. म्हणून वंशावळ काढताना सर्वांत समान असलेल्या गाभ्याच्या जनुकांवर भर दिला जातो आणि उपरा भाग वेगळा तपासला जातो. प्रक्षिप्त श्लोक तळटीपेत वा परिशिष्टात ठेवण्याच्या संपादकीय शिस्तीची येथे आठवण होते.

या दस्तऐवजाचे सामर्थ्य एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ऑगस्ट २०१८ ते फेब्रुवारी २०१९ या काळात फ्रान्समध्ये तीस तान्ह्या मुलांना साल्मोनेला पूनाचा संसर्ग झाला. तपासात स्पेनमधील एका कारखान्यात तयार झालेले बालान्न पुढे आले. त्या जिवाणूंचे जिनोम वाचल्यावर, २०१० साली स्पेनमध्ये बालान्नातूनच झालेल्या पूनाच्या उद्रेकाशी त्यांचे निकटचे नाते दिसले. तो उद्रेकही त्याच कारखान्याशी निगडित होता. मध्ये आठ वर्षे गेली होती, तरी जिवाणू त्या वास्तूत कोठेतरी टिकून राहिला होता, असा निष्कर्ष निघाला. मात्र हे शक्य झाले ते जुना नमुना कोणीतरी जपून ठेवला होता म्हणून. अभिलेखागार नसते तर यंत्राने एकट्याने काय केले असते?

याचबरोबर जिनोमच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दोन जिनोम जुळले तर नाते कळते, दिशा कळत नाही. कासवापासून मुलाला गेला, की दोघांना तिसऱ्या कशापासून मिळाला, हे ठरवण्यासाठी घरी जाऊन विचारपूस करावी लागते. काय खाल्ले, घरात कोणता प्राणी आहे, डबा कोठे धुतला, हे प्रश्न यंत्र विचारत नाही. दस्तऐवज आणि साक्ष यांचा मेळ घालण्याचे काम इतिहासकाराप्रमाणेच रोगान्वेषकालाही टाळता येत नाही.

मुलकोवाल ते नवी मुंबई

पुराव्याविना दोषारोप किती महाग पडतो, याचे उदाहरण मुंबईच्या वैद्यकीय इतिहासात आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी येथे लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ सालापासून त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये होती. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी ही लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली गेली होती. बाटली परळमध्येच दूषित झाली की मुलकोवालला उघडताना, हा कळीचा प्रश्न होता. चौकशी मंडळाने परळकडे बोट दाखवले आणि हाफकिन यांना पद गमवावे लागले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, ही बाब पुढे महत्त्वाची ठरली. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी बाजू मांडल्यावर १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ साली त्याच संस्थेला त्यांचे नाव दिले गेले. बाटलीतील जिवाणू आणि गावातील मातीतील जिवाणू यांची अक्षरे ताडून पाहण्याची सोय तेव्हा नव्हती. ती असती तर ती पाच वर्षे कदाचित वाचली असती.

दुसरे उदाहरण आपल्या काळातील आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात ६३ देशांतील सुमारे अठराशे विषमज्वर-जिवाणूंचे जिनोम तपासले गेले. अनेक औषधांना दाद न देणारा एक वंश दक्षिण आशियातून आफ्रिकेपर्यंत पसरल्याचे त्यातून दिसले. २०१८ साली नवी मुंबई महानगरपालिकेने विषमज्वराची नवी संयुग्म लस सार्वजनिक मोहिमेद्वारे मुलांना देण्यास प्रारंभ केला. शासकीय स्तरावरील असा हा जगातील पहिलाच उपक्रम होता. पहिल्या टप्प्यात एक लाखाहून अधिक मुलांना लस मिळाली. जेथे रक्ताची जिवाणू-तपासणी होते व नोंदी राहतात तेथेच अशा मोहिमेचे फळ मोजता येते, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. ही लस विषमज्वरापुरतीच आहे. कासवांतून येणाऱ्या साल्मोनेला प्रकारांपासून ती संरक्षण देत नाही.

पुन्हा पूर्णगड

गावपातळीवर ताप आला की प्रतिजैविक सुरू होते, आणि तेही अनेकदा नमुना घेण्यापूर्वी. रुग्ण बरा झाला की प्रश्न संपतो. वैद्यकाच्या दृष्टीने यात गैर नाही, कारण उपचार आधी हवा. परंतु नमुना नाही म्हणजे जिवाणू नाही आणि जिवाणू नाही म्हणजे जिनोम नाही. पुण्या-मुंबईत अद्ययावत यंत्रे असली तरी त्यांच्यापर्यंत पूर्णगडचा नमुना पोचण्याची साखळी पहिल्याच कडीशी तुटते. १९३५ च्या सुमारास जिवाणूला पुण्याचे नाव मिळाले, कारण तपासणारा माणूस तेथे होता. आजही ज्ञानाचा नकाशा प्रयोगशाळांच्या नकाशाबरहुकूमच आखला जातो.

याची दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. कासवात रोगजंतू असतात हे अर्धे ज्ञान किनाऱ्यावर पोचले तर त्याचा बळी कासव ठरू शकते. १८९७ साली पुण्यात प्लेगनिवारणाच्या नावाखाली घरे उघडली गेली, सामान जाळले गेले, लोकांचा अवमान झाला आणि त्याची परिणती २२ जूनच्या रँड-वधात झाली. रोगाचे ज्ञान विवेकाविना अंमलात आले की ते दंडुका बनते. तेव्हा तो माणसांवर पडला, उद्या तो प्राण्यांवर पडू नये. वेळास येथे २००२ साली सह्याद्री निसर्गमित्र संस्थेच्या पुढाकाराने सुरू झालेले कासव-संरक्षण पुढे रत्नागिरी जिल्ह्याच्या अन्य किनाऱ्यांवर पोचले आणि गावखडीसारख्या गावांतील तरुणांनी ते आपले मानले. हे काम वाढले पाहिजे. वाळूतून निघून समुद्राकडे जाणारे पिल्लू आणि मोरीत धुतल्या जाणाऱ्या डब्यातील पिल्लू यांच्यात जिवाणूपेक्षा माणसाच्या वर्तनाचा फरक मोठा आहे. पहिल्यापासून आपण अंतर ठेवतो, दुसऱ्याला स्वयंपाकघरात आणतो.

करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. किनाऱ्यावर पिले पाहावीत, ती उचलून छायाचित्रे काढू नयेत. जे कार्यकर्ते अंडी व पिले हाताळतात त्यांनी नंतर साबणाने हात धुवावेत. पाच वर्षांखालील मूल असलेल्या घरात कासव, सरडा वा साप पाळू नये. भारतीय जातींची कासवे पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहेच. विदेशी कासव घरी असेल तर त्याची पेटी स्वयंपाकघरात वा भांडी घासण्याच्या जागी धुऊ नये आणि कंटाळा आला म्हणून ते तळ्यात वा खाडीत सोडू नये. जुलाब-तापाच्या लहान रुग्णाच्या पालकांना घरातील प्राण्याविषयी एक प्रश्न विचारला जावा आणि शक्य तेथे औषधापूर्वी नमुना घेतला जावा.

निष्कर्ष

या विवेचनातून पुढील गोष्टी हाती लागतात. पहिली, साल्मोनेला पूना हे नाव एका शहराचा दोष सांगत नाही, तर ते एका काळातील तपासणी-व्यवस्थेचा ठसा आहे. दुसरी, नावाने प्रकार कळतो, उगम कळत नाही. कासव, खरबूज, काकडी व बालान्न हे एकाच नावाखालील वेगवेगळे उगम आहेत. तिसरी, जिनोम-क्रमवाचन ही पाठचिकित्सेच्या जातीची पद्धत असून तिला जुन्या प्रतींची, म्हणजे जपलेल्या नमुन्यांची आणि माणसांच्या साक्षीची गरज असते. चौथी, ज्या गावातून नमुनाच निघत नाही ते गाव या इतिहासाबाहेर राहते आणि तेथे पुराव्याची जागा संशय घेतो.

पूर्णगडच्या त्या सामायिक विहिरीवर आता पुन्हा सगळे पाणी भरतात. मुलगी शाळेत जाते. कासवाचे पुढे काय झाले, हे घरात कोणी नीट सांगत नाही. त्या आठवड्यात नेमके काय घडले, हे आता कधीच कळणार नाही, कारण वाचण्याजोगे काही मागे उरले नाही. दोन घरांतील अबोला मात्र दोन वर्षे टिकला. एका नमुन्याने तो टळला असता की नाही, हे सांगता येत नाही. पण दोषारोप करण्यापूर्वी तपासायचे काय, हे दोन्ही घरांना निदान कळले असते.